सत्तर-ऐंशी हजार रुपयांच्या भांडवलात आरोग्यदायी फास्ट फूडचा व्यवसाय कसा सुरू करावा?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की हाती सत्तर-ऐंशी हजार रुपये आहेत, पुण्यात कार्यालयांच्या परिसरात सलाड आणि ज्यूसचे छोटे केंद्र काढायचे मनात आहे, आणि परवाने कोणते लागतात व ऑनलाइन ॲपवर जावे की नाही हे ठरत नाही. मी कोथरूडमध्ये थालीपीठ, धिरडी आणि उसळ यांचा लहानसा व्यवसाय चालवतो, त्यामुळे जे लिहितो आहे ते या आकाराच्या धंद्यापुरतेच खरे समजावे. या भांडवलात आरोग्यदायी खाद्यपदार्थांचा व्यवसाय उभा राहू शकतो. मात्र सलाड आणि ज्यूसवर तो उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण साधे आहे. कमी भांडवलाचा खाद्यव्यवसाय बहुधा भाड्याने किंवा नासाडीने बुडतो, आणि सलाड-ज्यूसमध्ये नासाडी ठरलेली असते. लेट्यूस, ब्रोकोली, रंगीत ढोबळी मिरची हा माल महाग, नाजूक आणि सतत थंड ठेवावा लागणारा. दुपारी जोराचा पाऊस आला आणि गिऱ्हाईक फिरकले नाही, तर चिरलेला माल संध्याकाळी टाकून द्यावा लागतो. मोसंबीच्या एका ग्लासाला तीन-चार फळे लागतात, फळांचे भाव हंगामाप्रमाणे खालीवर होतात आणि गिऱ्हाइकाला मात्र बाराही महिने एकच दर हवा असतो. शिवाय रस गाळला की फळातला बराचसा चोथा निघून जातो आणि वर साखर घातली जाते, म्हणजे ज्या आरोग्याच्या नावाने आपण तो विकतो तेही फारसे उरत नाही. पावसाळ्यात कच्च्या भाज्या, बर्फ आणि पाणी यांच्या स्वच्छतेची जोखीम असते ती वेगळीच.

नासाडी किती महाग पडते हे आकड्यांत मांडतो. समजा, एक प्लेट ६० रुपयांना विकली. कच्चा माल २० रुपये, वेष्टन ४ आणि गॅस ३ असे धरले तर हाती ३३ रुपये राहतात. जागेचे भाडे ८ हजार, मदतनिसाचा पगार १२ हजार आणि किरकोळ खर्च ३ हजार, असा महिन्याचा ठरलेला खर्च २३ हजार होतो. महिन्यात २५ दिवस व्यवसाय चालला, तर रोज २८ प्लेटी विकल्यावर फक्त हा खर्च निघतो. स्वतःसाठी २० हजार रुपये उरावेत असे वाटत असेल तर रोज ५२-५३ प्लेटी विकाव्या लागतात. आता एखाद्या दिवशी दहा प्लेटींचा कच्चा माल फेकला तर २०० रुपये गेले, म्हणजे सहा प्लेटींवरची कमाई बुडाली. म्हणून पदार्थ निवडताना मी पहिला प्रश्न असा विचारतो, की आज खपला नाही तर उद्या याचे काय होईल?

या प्रश्नाला भाजणीइतके चांगले उत्तर मला दुसरे सापडलेले नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे आणि जिरे वेगवेगळे भाजून गिरणीतून दळून आणले, की ते पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात कित्येक आठवडे चांगले राहते, कारण भाजल्यामुळे धान्यातला ओलावा गेलेला असतो. धान्ये आणि डाळी दोन्ही असल्याने तो नुसत्या मैद्याच्या पावापेक्षा किती तरी बरा आहार ठरतो. एक किलो भाजणीत मध्यम आकाराची बारा-तेरा थालीपिठे होतात. गिऱ्हाइकाने सांगितल्यापासून पाच-सहा मिनिटांत थालीपीठ तव्यावरून उतरते आणि तवा मोठा असेल तर एका वेळी तीन-चार लागतात. धान्य मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून महिन्याचे एकदम आणले तर किरकोळ दुकानापेक्षा स्वस्त पडते. मात्र पीठ सकाळी एकदाच भिजवून ठेवण्याचा मोह टाळावा. कांद्याला आणि मिठाला पाणी सुटून गोळा सैल होतो आणि थालीपीठ थापताना फाटते, म्हणून साधारण तासाभराला पुरेल एवढेच भिजवावे.

झुणका-भाकरीचा विचार अनेकांच्या मनात येतो, माझ्याही आला होता. परंतु ज्वारीत गव्हासारखे चिकट द्रव्य नसल्याने भाकरी हातावर थापण्याला कसब लागते, ती थंड झाली की चिवट होते, आणि भाकरी करणारी व्यक्ती एक दिवस आली नाही की गल्ला बंद राहतो. युती सरकारच्या काळात, १९९५ नंतर, एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना राज्यात आली होती. ती अनुदानावर चालणारी असल्याने पुढे बंद पडली, पण तेव्हापासून हा पदार्थ स्वस्तच मिळावा अशी लोकांच्या मनात बसलेली अपेक्षा मला आजही जाणवते. थालीपिठाला साठ रुपये देणारा माणूस झुणका-भाकरीला तेवढेच देताना कुरकुरतो. यात तर्क नाही, पण व्यवसाय करणाऱ्याने तो शोधूही नये.

थालीपिठाच्या जोडीला मुगाचे धिरडे आणि मटकीची उसळ एवढे पुरेसे आहे. मूग रात्री भिजवून सकाळी वाटले की झाले, पीठ आंबवावे लागत नाही, त्यामुळे थंडीत पीठ फुगले नाही अशी तक्रार उरत नाही. मोड आलेली मटकी वाढते म्हणून ती फायद्याची. पण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते, त्यामुळे कच्ची कडधान्ये लिंबू पिळून विकण्याऐवजी ती वाफवून किंवा शिजवूनच द्यावीत. पिण्यासाठी ताक ठेवावे आणि उन्हाळ्यात कोकम सरबत, तेही कमी साखरेचे. एवढ्यावर थांबावे. वडापावाची सुरुवात १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असे सांगितले जाते, आणि त्या पदार्थाने मुंबईला जे शिकवले ते हेच, की घाईत असलेल्या माणसाला यादी वाचायची नसते. दहा पदार्थ ठेवले की दहा प्रकारचा माल ठेवावा लागतो आणि त्यातला निम्मा पडून राहतो.

आता आरोग्यदायी या शब्दाविषयी थोडे परखड लिहितो. थालीपिठाच्या मधल्या भोकात आणि कडेने मोकळ्या हाताने तेल सोडले तर ते आरोग्यदायी राहत नाही. तेल चमच्याने मोजावे. पाच मिलिलिटरच्या एका चमचा तेलातून साधारण चाळीस कॅलरी मिळतात आणि चांगल्या तापलेल्या जाड तव्यावर एका थालीपिठाला दीड चमचा पुरतो. लोण्याचा गोळा सरसकट देऊ नये, मागेल त्याला द्यावा. बाकीच्यांना दही आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, आणि आपल्याकडे ते लोणचे, पापड आणि चटणीतून नकळत वाढते, म्हणून चटणी करताना मीठ हात राखून घालावे. ब्राउन ब्रेड म्हणून विकला जाणारा बराचसा पाव रंग घातलेल्या मैद्याचा असतो, तेव्हा वेष्टनावरील घटकांची यादी न वाचता त्याचे सँडविच आरोग्याच्या नावाने विकू नये. फलकावर मधुमेह कमी होतो, वजन उतरते असले काही लिहू नये, कारण खाद्यपदार्थांच्या जाहिरातीतील दाव्यांवर २०१८ पासून स्वतंत्र नियमावली आहे आणि सिद्ध न करता येणारा दावा महागात पडू शकतो. माझा अनुभव तर असा आहे, की आरोग्य हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला की निम्म्या लोकांना पदार्थ बेचव असणार असे वाटते. पदार्थाचे नाव, त्यात काय आहे आणि किंमत, एवढे लिहावे.

जागा निवडताना भाड्यापेक्षा वेळ पाहावी. टेकडीवर किंवा बागेत सकाळी फिरायला येणारे लोक आरोग्याविषयी सर्वांत जास्त बोलतात, पण त्यांतले बहुतेक जण घरी जाऊनच नाश्ता करतात. कार्यालयात जाणारा माणूस काहीच बोलत नाही, साडेआठ ते अकराच्या दरम्यान येतो, पाच मिनिटांत खातो आणि चव आवडली तर आठवड्यातून तीनदा येतो. व्यवसाय त्याच्यावर चालतो. म्हणून आपण कार्यालयांचा परिसर मनात धरला आहे ते योग्य आहे. फक्त जागा ठरवण्यापूर्वी सलग काही दिवस तिथे सकाळी आणि दुपारी उभे राहून कोण काय, किती रुपयांचे खातो हे पाहावे. बंद गाळ्याच्या मोठ्या अनामत रकमेत आपले सगळे भांडवल अडकेल, तेव्हा एखाद्या किराणा दुकानासमोरची खासगी जागा, किंवा सकाळी बंद असणाऱ्या दुकानाचा कट्टा, मालकाशी लेखी ठरवून घेणे बरे.

पैशांची वाटणी मी अशी करीन. जुना स्टीलचा काउंटर, दोन चुलींची शेगडी, जाड तवे, पातेली आणि डबे यांवर तीस-पस्तीस हजारांपेक्षा जास्त घालू नये. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आणि बंद पडलेल्या हॉटेलांचे सामान विकणारे व्यापारी यांच्याकडे चांगल्या वस्तू मिळतात. एक लहान जुना फ्रिज घ्यावा. दही, लोणी आणि वाटलेले पीठ पाच अंश सेल्सिअस किंवा त्याखाली राहायला हवे आणि उसळ गरम ठेवायची तर ६५ अंशांच्या वर, कोमट उसळ हा आजाराला आवतण देण्याचा मार्ग आहे. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. सुरुवातीला पाच किलोचा छोटा सिलिंडरही चालतो. पहिल्या महिन्याचा माल, भाडे आणि नोंदण्या यांत पंधरा-वीस हजार जातील. उरलेली रक्कम, म्हणजे निदान पंधरा हजार, वेगळ्या खात्यात ठेवून विसरून जावी, कारण पहिले दोन-तीन महिने ५० प्लेटींचा आकडा गाठला जात नाही आणि घरखर्च मात्र थांबत नाही.

कागदपत्रांची भीती बाळगण्याचे कारण नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ नुसार लहान विक्रेत्याला फक्त नोंदणी करावी लागते; मी केली तेव्हा ती वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी होती आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होते. ती फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर स्वतः करता येते, एजंटाला हजारो रुपये देऊ नयेत. सध्याची मर्यादा आणि शुल्क तिथेच पाहून घ्यावे. मिळालेला चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा. मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस हा नियमही आहे आणि शहाणपणही. वर्तमानपत्रात बांधून खाद्यपदार्थ देऊ नये; छपाईची शाई पोटात जाते. रस्त्यावर गाडी लावायची असेल तर महापालिकेचे फेरीवाला प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळाल्यास पीएम स्वनिधी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळते. २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. गाळ्यात व्यवसाय करणाऱ्यांसाठी मुद्रा योजनेतील ५० हजारांपर्यंतचे शिशु कर्ज आहे. तरीही कर्ज पहिल्या दिवशी काढू नये. रोजची विक्री वहीत दिसू लागल्यावर काढावे.

शेवटी ॲपविषयी. वरच्या हिशेबात एका प्लेटीमागे ३३ रुपये उरत होते. ॲपने चौथा हिस्सा कमिशन घेतले तर १५ रुपये गेले, त्या कमिशनवरचा जीएसटी वेगळा, आणि घरपोच पाठवण्याचा डबा साध्या वेष्टनापेक्षा पाच-सहा रुपयांनी महाग. हाती दहा रुपयेही राहणे कठीण होते, आणि त्यातून सवलत दिली तर घरचे घालून विकण्याची वेळ येते. त्यापेक्षा जवळच्या दोन-तीन कार्यालयांतील लोकांचा व्हॉट्सॲप गट करून आदल्या रात्री मागणी नोंदवून घ्यावी. किती मूग भिजवायचे आणि किती दही लावायचे हे त्यावरूनच ठरते. ॲपवर जायचेच झाल्यास एकेकटे थालीपीठ तिथे ठेवू नये. दोन लहान थालीपिठे, उसळ, दही आणि ताक असा दीडशे-पावणेदोनशे रुपयांचा संच ठेवावा, म्हणजे डब्याचा खर्च एकाच मोठ्या मागणीत विभागला जातो. थालीपीठ गरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरले तर वाफेने मऊ पडते आणि गिऱ्हाइकाची तक्रार येते, म्हणून ते जाळीवर दोन मिनिटे निववून, खाली कागद घालून आणि झाकणाला भोके पाडूनच पाठवावे.