रशियातल्या एल्ब्रुस शिखरावर जायला ‘पूर्वानुभवाची गरज नाही, गाईड सगळं बघेल’ असं ट्रेकिंग कंपनीवाले सांगतात. हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न पूर्ण वाचला, भाऊ. तुम्ही जळगावचे, वय ४१, दिवाळीत अस्तंब्याची यात्रा पायी करता, कळसूबाई दोनदा झालंय, बर्फ मात्र फक्त रसवंतीत पाहिलाय. हे शेवटचं तुम्ही गमतीत लिहिलंय, पण माझंही अगदी तेच होतं. मी धुळ्याचा, ऑटोपार्टचं दुकान आहे. एल्ब्रुसला दोनदा गेलो. २०१९ ला अर्ध्यातून परत आलो, २०२४ ला माथ्यावर पोचलो. मी गाईड नाही, ट्रेनर नाही. गिऱ्हाईक म्हणून दोनदा पैसे मोजलेला माणूस, एवढाच माझा अधिकार.

कंपनीवाले खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. ५६४२ मीटरचा हा डोंगर दक्षिणेकडून चढायला अवघड नाही. दोर लावून भिंत चढायची नाही की कुठे लटकायचं नाही. पायथ्याच्या अझाऊ गावातून केबल कार गाराबाशीच्या तळाला, म्हणजे ३८०० मीटरच्या पुढे नेऊन सोडते. तिथे राहायचं, दोन-तीन दिवस वर-खाली करून उंचीची सवय करायची आणि एका रात्री निघायचं. चढ आपल्या साल्हेरच्या पायऱ्यांपेक्षा सोपा वाटतो. घात तिथेच होतो.

एल्ब्रुस ज्वालामुखी आहे, आणि ज्वालामुखीचा डोंगर म्हणजे पालथी घातलेली परात. हिमालयात धार असते, घळ असते, उजवीकडे अमुक सुळका, डावीकडे तमुक नदी, माणसाला खुणा सापडतात. इथे सगळीकडे सारखाच पांढरा उतार. ढग खाली आला की वर-खालीसुद्धा कळत नाही. मळलेल्या वाटेवर काठ्या रोवलेल्या असतात, पण वाट सोडून शे-दोनशे पावलं भलतीकडे गेलात की हिमनदीच्या भेगा लागतात आणि त्यांच्यावर ताज्या बर्फाचं पातळ झाकण असतं. शिवाय आजूबाजूच्या डोंगरांपेक्षा हा एकटाच खूप उंच, त्यामुळे येणारा वारा पहिला त्याच्या डोक्यावर आपटतो. खाली गावात लख्ख ऊन आणि वर टोपीसारखा ढग, असं मी तिथे रोज बघितलं.

म्हणून गाईड लागतो. तो तुम्हाला वर ओढत नाही, तुम्ही कुठे उभे आहात हे त्याला माहीत असतं. त्याचे पैसे एवढ्यासाठीच.

आता माझी २०१९ ची गोष्ट. एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडून गेलो होतो, नाव घेत नाही. आमच्या बरोबर कंपनीचा एक ‘लीडर’ होता आणि तिथल्याच बाल्कर जमातीचा एक गाईड. लीडर मुलगा चांगला होता, पण तोही पहिल्यांदाच येत होता, हे आम्हाला गाराबाशीला कळलं. कार्यक्रमपत्रिकेत १५ ऑगस्टला शिखरावर झेंडा असं छापलेलं होतं. १३ तारखेला रात्री हवा इतकी शांत की मेणबत्ती विझली नसती. स्थानिक गाईड म्हणाला, आज निघू. लीडर म्हणाला, फोटो १५ चाच पाहिजे. आम्हीही माना डोलावल्या, त्याला एकट्याला दोष देत नाही. इकडे धुळ्यात पाचकंदीलला माझा बॅनर छापून तयार होता! मित्रांनी प्रेमाने केलेलं, पण तो बॅनर डोक्यात बसला होता.

१५ ला पहाटे निघालो. पास्तुखोव्ह खडक साधारण ४६०० ते ४७०० मीटरवर आहेत, त्यांच्या थोडं वर गेलो आणि वाऱ्याने बर्फाचे कण तोंडावर मारायला सुरुवात केली, मे महिन्यात वावटळीत धूळ मारते तसे. गाईड थांबला. प्रत्येकाच्या चष्म्यात वाकून बघितलं, माझ्या बुटावर काठी मारून बोटं हलवायला सांगितली. हलवली, पण हलल्याचं मला कळत नव्हतं. तो एकच शब्द बोलला: ‘व्नीज’. खाली. लीडर काहीतरी बोलायला गेला तर त्याने पाठ फिरवून उतरायला सुरुवातच केली. आम्ही मुकाट्याने मागे.

बोटांचं कारण वेगळं होतं आणि ते शंभर टक्के माझं. पायथ्याच्या तेर्सकोल गावात बूट भाड्याने मिळतात. आदल्या संध्याकाळी दुकानात घाईत पातळ मोज्यावर घालून बघितले, बसले, घेतले. रात्री त्यात जाड लोकरी मोजा घातला आणि पाय असा आवळला गेला की रक्तच फिरेना. परत आल्यावर दोन नखं काळी पडून गळाली. डॉक्टर म्हणाले, नशीब समज, आणखी तासभर वर गेला असतास तर बोटांवर आलं असतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, तयारी किती. लोक व्यायामाचं सांगतात, ते करालच. मी रविवारी लळिंगचा किल्ला करतो, पाठीवरच्या बॅगेत वीस लिटर पाणी घेऊन. वर गेलं की पाणी झाडांना ओतून देतो, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. दम त्याने वाढतो. उंचीची सवय मात्र लळिंगने होत नाही आणि अस्तंब्यानेही होत नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण निम्मा असतो. मॅरेथॉन पळणारा गारद होतो आणि पोट सुटलेला माणूस टुकूटुकू वर जातो, हे मी बघितलंय. आधी कुणाचं काय होईल सांगता येत नाही. त्यासाठी उपाय एकच, दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायचं आणि पुरेसे दिवस द्यायचे. ज्या कंपनीच्या कार्यक्रमात वाईट हवेसाठी एकही राखीव दिवस नाही, तिच्याकडे जाऊ नका. स्वस्त म्हणून तर मुळीच नाही. डोकेदुखीच्या आणि उंचीच्या गोळ्यांचं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, ग्रुपमधल्या हौशी वैद्यांना विचारून नाही.

पण मला सगळ्यात जड गेलं ते हे सगळं नव्हे. आपल्या खान्देशी अंगाच्या सवयी जड गेल्या. आपण ४५ डिग्रीतली माणसं. दमलो की निंबाखाली टेकायचं, गमछाने तोंड पुसायचं, पाणी प्यायचं, मग पुढे. अंगाला तेच ठाऊक. तिथे टेकलात की पाच मिनिटांत बोटं गेली. घाम आला की आपल्याला बरं वाटतं, तिथे तोच घाम थांबल्याबरोबर बनियनमध्ये गारठतो. २०२४ ला निघताना गाईडने माझं जाड जॅकेट उतरवून बॅगेत घालायला लावलं. म्हटलं, हा मला मारतो का? उणे दहाच्या खाली हवा. पहिली पंधरा मिनिटं दात वाजत होते, मग चालीने अंग तापलं आणि कोरडं राहिलं. थांबा आला की जॅकेट आधी, पाणी नंतर. पाण्याची बाटली बॅगेत उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठायला लागतं, बूच मोकळं राहतं. नळीवाली पिशवी नेऊ नका, नळी पहिल्या तासात बंद पडते. आणि तहान लागत नाही, पण प्यावं लागतं. उन्हाळ्यात हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, तिथे घड्याळ लावून प्यालो.

(खाण्याचं जाता जाता. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, शेवटपर्यंत तेवढंच घशाखाली उतरलं. जळगावचे केळी वेफर्स नेले तर गाराबाशीला पाकीट फुटबॉलसारखं टम्म फुगलं. बाहेरचा दाब कमी, आतली हवा गावाकडची. माझ्या तंबूसोबत्याला वाटलं, खराब झाले.)

बर्फावर चालणं मात्र शिकूनच जा. बुटाला लावायचे काटे, बर्फाची कुऱ्हाड, घसरलो तर कुऱ्हाडीवर अंग टाकून स्वतःला थांबवणं, कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून तिघा-चौघांनी एका ओळीत चालणं. कंपनी हे तिथे एका दिवसात शिकवते. एका दिवसात डोक्याला कळतं, हातापायांना नाही. एल्ब्रुसला पूर्व आणि पश्चिम अशी दोन शिखरं, त्यांच्यामधल्या खोगिराच्या आधी तिरपी लांब वाट आहे, पूर्व शिखराच्या अंगावरून जाते. परतताना पाय थकलेले असतात तेव्हा लोक तिथे स्वतःच्याच काट्यात पँट अडकवून पडतात. मीही अडकवली, तीनदा. जमलं तर उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेचा नाहीतर मनालीच्या संस्थेचा बेसिक कोर्स करा, साधारण चार आठवडे जातात. तेवढी रजा नसेल तर मनालीजवळ एखाद्या शिखरावर आठवडाभर बर्फात काढा. मी २०२३ ला तेच केलं. ते पैसे वाया गेले असं एकदाही वाटलं नाही.

रातराकचं विचाराल म्हणून सांगतो. रातराक म्हणजे बर्फावर चालणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर. पैसे दिले की पास्तुखोव्ह खडकांपर्यंत, कधी त्याच्याही वर नेऊन सोडतो. चार तासांची चाल वाचते. मी दुसऱ्या वेळी घेतला, लाज वाटत नाही. पण ज्याला उंचीची सवय झालेली नाही, त्याला हे वाहन अडचणीच्या जागी लवकर पोचवतं, एवढंच.

कंपनीला फोन केलात की ‘यशाचं प्रमाण’ विचारू नका, ते सगळेच फुगवून सांगतात. हे विचारा: शिखराच्या रात्री किती गिऱ्हाइकांमागे एक गाईड? आणि वाटेत एक जण आजारी पडून एक गाईड त्याला घेऊन खाली गेला, तर उरलेल्यांचं काय? सप्टेंबर २०२१ मध्ये १९ जणांचा गट एल्ब्रुसवर ५००० मीटरच्या वर वादळात सापडला आणि पाच जण गेले. तेही गाईड घेऊनच गेले होते. त्या दिवशीही आधी एकीची तब्येत बिघडली होती आणि एक गाईड तिला घेऊन मागे फिरला होता. या प्रश्नावर समोरचा अडखळला तर फोन ठेवा. परतीची वेळ किती ठरवता हेही विचारा. आमच्या गाईडने दुपारी एक सांगितलं होतं. शिखर पन्नास पावलांवर असलं तरी एक म्हणजे एक.

दोन कामाच्या गोष्टी. साध्या प्रवास विम्यात गिर्यारोहण धरत नाहीत, उंचीची मर्यादा वाचून वेगळा विमा घ्या. आणि २०२२ पासून आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत, रोख न्यावी लागते. मी पट्ट्यात शिवून नेली, आईच्या सल्ल्याने. तीच आई जी निघताना म्हणाली होती, ‘इतला पैसा देईसन बरफवर काय करनं शे तुले?’

एल्ब्रुसच का, हेही बघा. किलिमांजारो ५८९५ मीटर, म्हणजे जास्त उंच, पण नेहमीच्या वाटांवर हिमनदीवरून चालावं लागत नाही. उंचीचा स्वभाव कळायला ते आधी करणं शहाणपणाचं. इक्वेडोरचं कोटोपॅक्सी ५८९७ मीटर, सुंदर बर्फाळ शंकू, पण जिवंत आहे. २०१५ ला आणि परत २०२२ ला जागं झालं आणि चढाई बंद पडली. बर्फाखालची आग ही नुसती बोलायची गोष्ट नाही. १९८५ मध्ये कोलंबियातल्या नेवादो देल रुइझचा स्फोट तसा लहानच होता, पण वितळलेल्या बर्फाचा चिखल नद्यांतून खाली आला आणि आर्मेरो गावासकट तेवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. एल्ब्रुस सध्या झोपलेला आहे.

तसे आपणही ज्वालामुखीवरच राहतो. लळिंग, सातपुडा, अजिंठ्याचे डोंगर, सगळा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, भाकरीच्या चवडीसारखा थरावर थर. आपला लाव्हा पातळ, दूरवर पसरला, म्हणून पठार झालं. एल्ब्रुसचा चिकट, जागच्या जागी साचला, म्हणून घुमट. पास्तुखोव्हला मी एक खडा उचलून बघितला, आपल्या काळ्या पाषाणापेक्षा फिका, तांबूस. परत ठेवला.

माथ्यावर काय वाटलं ते विचारलंत. खरं सांगू? थंडी वाटली आणि पुढे उतरायचंय हे आठवलं. झेंड्याचा फोटो काढायला हातमोजा काढला, वीस सेकंद. तेवढ्यात जॅकेटची चेन लावायला बोटं वळेनात, गाईडने लहान पोराला लावावी तशी लावून दिली. बॅनर या वेळी कुणाला छापू दिला नव्हता.

पुढच्या वर्षी जुलैत जायचं म्हणता, तर अजून वेळ आहे. रविवारी पहाटे पाचला मी लळिंगच्या पायथ्याशी असतो, जळगावहून गाडी काढलीत तर सोबत चढू. आता माझे स्वतःचे डबल बूट आहेत, युरोपियन ४४ नंबर. पायात बसत असतील तर घेऊन जा, भाडं नको. फक्त येताना जाड मोजे घेऊन या, त्यावरच घालून बघायचे.