दोन प्रोसेसरचं जुनं वर्कस्टेशन घेऊ की एकाचं?

पत्र: "सर, मी परभणीत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव जिंतूर तालुक्यात. मला लिनक्स ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये जायचंय, रेड हॅटची परीक्षा द्यायचीय. दादाचा आठ जीबीचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आहे, पण दोन व्हर्च्युअल मशीन (एका यंत्राच्या आत चालणारी आभासी यंत्रं) चालू केल्या की तो अडकतो. सोयाबीनच्या पैशातून अण्णा तीस हजार द्यायला तयार झालेत. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात दोन जुनी वर्कस्टेशनं आहेत. एकात झिऑन ई५-२६७० चे दोन प्रोसेसर आणि ६४ जीबी रॅम, किंमत बावीस हजार. दुसऱ्यात झिऑन ई५-२६८० व्ही४ चा एकच प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम, किंमत सत्तावीस हजार. वर्गातली मुलं म्हणतात पहिलं घे, स्वस्त आहे आणि कोअरही जास्त. अण्णा विचारतात, लोकांनी टाकून दिलेलं यंत्र घेऊन तुझं काय भलं होणार? त्यांना काय सांगू?"

बाळा,

सत्तावीस हजारांचं घे. का ते सविस्तर सांगतो, कारण उद्या नोकरीतही तुला हाच हिशेब मांडावा लागणार आहे.

तुझ्या वर्गातल्या मुलांचं गणित कागदावर बरोबर आहे. ई५-२६७० हा २०१२ चा प्रोसेसर. त्यात आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, टर्बो (भार आल्यावरचा कमाल वेग) ३.३. असे दोन म्हणजे सोळा कोअर, आणि एका कोअरला दोन कामांचे धागे म्हणून बत्तीस थ्रेड. ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा. त्यात चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड, मूळ वेग २.४, टर्बो तोच ३.३. नुसते आकडे पाहिले तर जुनी जोडीच सरस वाटते. पण गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात एवढंच. एका ठोक्यात काम किती होतं हे त्यात कळत नाही. मधल्या चार वर्षांत इंटेलची बनावट ३२ नॅनोमीटरवरून १४ वर आली, आणि एका ठोक्यातलं काम वाढलं. दशांशाच्या मोठ्या आकडेमोडीत तर नवा कोअर एका ठोक्याला जुन्याच्या दुप्पट काम करू शकतो, कारण गुणाकार आणि बेरीज तो एकाच फटक्यात उरकतो. रॅमचंही तसंच. दोघांनाही रॅमकडे जाणाऱ्या चार वाटा, म्हणजे चॅनल, आहेत, पण जुन्या एका प्रोसेसरला डीडीआर३-१६०० रॅमवर सेकंदाला ५१.२ जीबी मिळतात, नव्याला डीडीआर४-२४०० वर ७६.८.

तरीही निव्वळ वेगासाठी मी तुला पाच हजार जास्त घालायला सांगितलं नसतं. माझं मन ज्यामुळे ठरलं ते कारण वेगळंच आहे.

मे २०२५ मध्ये रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची दहावी आवृत्ती आली. ती चालायला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा आदेशसंच असावाच लागतो. ई५-२६७० मध्ये पहिला एव्हीएक्स आहे, एव्हीएक्स२ नाही. त्या यंत्रावर दहावी आवृत्ती सुरू होतानाच थांबेल, मग कोअर सोळा असोत की साठ. अल्मालिनक्स या रेड हॅटशी जुळणाऱ्या मोफत लिनक्सने जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे, त्यावर काम भागवता येईल. पण ज्या परीक्षेसाठी अण्णा सोयाबीनचे पैसे देतायत, तिचीच मूळ प्रणाली यंत्रावर चढत नसेल तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय? ई५-२६८० व्ही४ मध्ये एव्हीएक्स२ आहे. शिवाय रेड हॅट एका व्यक्तीला सरावासाठी सोळा यंत्रांपर्यंतची परवानगी मोफत देते, त्यामुळे तो खर्चही नाही.

एक गोष्ट आत्ताच वहीत लिहून ठेव. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर नवीन मशीन बनवताना प्रोसेसरचा जो प्रकार आपोआप निवडलेला असतो, तो एव्हीएक्स२ झाकून टाकतो. मग चांगल्या यंत्रावरही दहावी आवृत्ती उठत नाही आणि माणूस रात्रभर रॅम काढून घालत बसतो. तिथे प्रकार 'होस्ट' कर.

आता वीज. ई५-२६७० ११५ वॅटचा, म्हणजे दोन मिळून २३०. ई५-२६८० व्ही४ १२० वॅटचा. पूर्ण भारावर फरक ११० वॅटचा. रोज सहा तास यंत्र राबवलंस तर महिन्याला साधारण वीस युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर दोनशे रुपये, वर्षाला चोवीसशे. तुझं यंत्र दिवसभर पूर्ण भारावर नसणार, त्यामुळे खरा फरक याहून कमी येईल. तरी किमतीतल्या पाच हजारांतला बराचसा भाग असा हळूहळू वसूल होतो. आणि परभणीचा मे महिना तुला मी सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत २३० वॅटची शेगडी पेटवून अभ्यास होत नाही. लाइट गेली की छोटा यूपीएसही एकाच प्रोसेसरला जास्त वेळ धरतो.

जोडीच्या बाजूने दोन गोष्टी आहेत, त्या लपवत नाही. ६४ जीबी रॅम ही मोठी सोय आहे, आणि जुनी डीडीआर३ सर्व्हर रॅम पुढेही स्वस्तात मिळते. दुसरं म्हणजे दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसर बसणाऱ्या यंत्रात प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगळी असते. शेजाऱ्याच्या रॅममधून माहिती आणायला वेळ लागतो, आणि मोठ्या सर्व्हरवर हे सांभाळणं हे ॲडमिनचं रोजचं काम. ते जोडीवर शिकता आलं असतं. तुझी वाट डेटाबेसच्या मोठ्या यंत्रांकडे जात असती, तर मी कदाचित वेगळं बोललो असतो. पण आज तुझी गरज काय? परीक्षेच्या सरावाला दोन-तीन मशीन. पुढे कुबरनेटीस (अनेक यंत्रांवर मिळून प्रोग्राम चालवणारी व्यवस्था) शिकलीस तर चार-चार जीबीच्या आणखी तीन. ३२ जीबीत हे आरामात बसतं.

दुकानात एकटी जाऊ नकोस, दादाला घेऊन जा, आणि लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत ने. यंत्र त्यावरून सुरू करून टर्मिनलमध्ये एलएससीपीयू हा प्रोसेसरची माहिती दाखवणारा आदेश चालव. प्रोसेसरचं नाव, कोअर आणि फ्लॅग्जच्या ओळीत एव्हीएक्स२ दिसायलाच हवं. व्ही४ म्हणून व्ही२ गळ्यात मारला तर तिथेच कळेल, कारण व्ही२ मध्ये ते नाही. मग बाजूचं झाकण उघडायला सांग आणि रॅमच्या पट्ट्या मोज. आठ-आठ जीबीच्या चार असतील तर चारही चॅनल भरतात. सोळाच्या दोनच असतील तर रॅमचा निम्मा वेग वाया जातो.

माझ्या एका जालन्याच्या विद्यार्थ्याने असंच जुनं यंत्र घेतलं होतं. आत पट्ट्या सगळ्या मिळून ३२ जीबीच्या, स्क्रीनवर मात्र २४. विकणारा म्हणाला, बायोसची सेटिंग आहे, घरी नीट होईल. आम्ही प्रोसेसर उचलून बॅटरीच्या उजेडात सॉकेट पाहिलं तर कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या पडलेल्या. या जातीच्या प्रोसेसरला स्वतःच्या पिना नसतात, त्या बोर्डावर असतात, आणि वाकल्या की रॅमचं एखादं चॅनलच गायब होतं. त्या पोराचे पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून सांगतो, स्क्रीनवरची रॅम आणि हातातल्या पट्ट्या जुळल्याशिवाय पैसे काढू नकोस. आणि ग्राफिक्स कार्ड यंत्रासोबत आहे ना, हे विचार. या दोन्ही प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही.

उरलेल्या तीन हजारांत आधी एसएसडी बघ. मॉनिटर लागणार नाही. एकदा प्रणाली बसवली की यंत्र कोपऱ्यात राहू दे आणि दादाच्या लॅपटॉपवरून त्यात लॉगिन कर. नोकरीतही सर्व्हरसमोर क्वचितच कोणी बसतं.

आता अण्णांचा प्रश्न. त्यांना सांग, टाकून दिलेलं म्हणजे निकामी नव्हे. २०१३ साली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने परम युवा-२ हा महासंगणक उभा केला, त्यात हेच ई५-२६७० होते. आणि तू घेणार आहेस त्याच पिढीतला त्याचा भाऊबंद, ई५-२६९५ व्ही४, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या प्रत्युष या महासंगणकात बसला. प्रत्युष २०१८ च्या जानेवारीत सुरू झाला, तो पावसाचा आणि हवामानाचा अंदाज काढण्यासाठी. पेरणी कधी करावी म्हणून अण्णा ज्या अंदाजाकडे कान लावून बसायचे, त्याच्यामागे याच घराण्यातली यंत्रं राबत होती. ती बिघडू न देणारी, रात्री दोनला उठून पुन्हा चालू करणारी माणसं लागतात. रेड हॅटच्या परीक्षेत पर्यायांवर खुणा करायच्या नसतात, समोरच्या यंत्रावर काम करून दाखवायचं असतं, आणि तो हात असं स्वतःचं यंत्र मोडून-जोडूनच बसतो. नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत. तिथल्या मुलाखतीत तुला विचारतील, अमुक पैशात कोणता सर्व्हर घ्याल आणि का. तेव्हा वही उघडून आपलं स्वतःचं उत्तर सांग.

यंत्र घरी आलं की पहिल्याच दिवशी सेव्हन-झिप या फायली आकसून ठेवणाऱ्या प्रोग्राममधली वेगाची चाचणी चालव, एकदा एका थ्रेडवर आणि एकदा सगळ्यांवर. दादाच्या लॅपटॉपवरही तीच चालव. चारही आकडे मला कळव.