एच-इंडेक्स 40 असलेला अपस्मार-संशोधक खरंच मोठा मानायचा का?

एच-इंडेक्स 40 म्हणजे त्याच्या 40 शोधनिबंधांचा प्रत्येकी निदान 40 वेळा संदर्भ घेतला गेलाय. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये हे माप सुचवलं. हा आकडा वयाबरोबर वाढतो, घटत नाही. म्हणून तरुण संशोधकाला त्यावर तोलणं अन्यायाचं आहे.

मी आधी बघतो, कामामुळे उपचार बदलले का. क्वान आणि ब्रॉडी यांचा 2000 सालचा ग्लासगोचा निबंध घ्या. आधी औषध न घेतलेल्या 470 रुग्णांपैकी 47 टक्क्यांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले. दुसऱ्या-तिसऱ्या औषधाने जेमतेम 14 टक्क्यांचे. पुढे 2010 मध्ये, योग्य निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही झटके थांबले नाहीत तर अपस्मार औषधांना दाद न देणारा मानायचा, हा निकष जगभरासाठी ठरला.

आपल्या बीड-परभणीकडे अजूनही फेफरं आलं की माणसाला कुशीवर वळवायचं सोडून नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावतात, आणि गोळ्या बदलत वर्षं काढतात. अशा घरांसाठी हा निबंध कुठल्याही इंडेक्सपेक्षा मोलाचा आहे. दोन औषधं फसली असतील तर न्यूरोलॉजिस्टला स्पष्ट विचारा: शस्त्रक्रियेसाठी तपासणी करायची का?