गाडी दिवसभर उभी कुठं राहणार?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते, वय 41, शाळेत शिकवते. हे गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. घरात एक दुचाकी आहे. सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघे धरलेत. मुलगी नववीत. दिवाळीत नणंदेकडे नवी गाडी आली, तेव्हापासून जो तो विचारतो, "तुमची कधी?" आठ लाखांची एक गाडी बघून आलोय. दोन लाख हातचे भरायचे आणि सहा लाखांचं कर्ज. गाडी आली की हे तीच घेऊन कामावर जातील, पावसातले हाल वाचतील, दुचाकी मला राहील. शिवाय सासूबाईंना रात्री-अपरात्री काही झालं तर दारात गाडी हवीच, असं ह्यांचं म्हणणं. मला मात्र हप्त्याच्या विचारानं झोप लागत नाही. काय करावं?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण त्यातल्या दोन ओळी एकमेकींशी जमत नाहीत. गाडी सासूबाईंसाठी दारात हवी, असं तुम्ही लिहिता. आणि हे ती घेऊन कामावर जातील, असंही लिहिता. म्हणजे सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत गाडी फौंड्रीच्या आवारात उभी राहणार. सासूबाईंचं हाडांच्या डॉक्टरकडे जाणं, रक्त तपासायला जाणं, बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाणं, हे सगळं दिवसाचं. ते आजही रिक्षानं होतंय आणि गाडी आल्यावरही रिक्षानंच होणार.

मग गाडी कुणासाठी? तुमच्या यजमानांच्या पावसासाठी. हे कारण छोटं नाही. दिवसभर भट्टीजवळ उभं राहायचं, सुटल्यावर जुलैच्या पावसात हायवेनं यायचं, शेजारून जाणाऱ्या ट्रकचं पाणी छातीवर घ्यायचं. कुठल्याही बायकोचा जीव दारात टांगलेला राहील. पण हे चार महिन्यांचं दुखणं आहे, त्याला चार महिन्यांचं औषध बघू. कागलकडे जाणाऱ्या एसटी त्याच रस्त्यानं जातात. एमआयडीसीतल्या कितीतरी कामगारांचा जाण्या-येण्याचा आधार एसटी किंवा वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप, हाच आहे. त्याच पाळीला जाणारा, गाडी असलेला सहकारी पेठेत किंवा वाटेवर राहत असेल, तर पेट्रोलचे निम्मे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात ठेवून त्याच्याबरोबर जायचं. फुकट जाऊ नये. फुकट गेलं की दोन महिन्यांत दोघांनाही अवघड वाटायला लागतं.

आता हिशोब सांगते, कारण मी बँकेत 34 वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी कर्जाच्या टेबलावर. सहा लाख, नऊ टक्के, पाच वर्षं धरलं तर हप्ता साधारण 12,450 रुपये. पाच वर्षांत तुम्ही 7,47,000 रुपये परत करता, म्हणजे जवळजवळ दीड लाख नुसतं व्याज. विमा, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल वेगळं. आणि पेठेत गाडी लावायची कुठं? तुमच्या बोळातून घंटागाडी आली की दुचाक्या सरकवाव्या लागत असतील.

आमचं घर मंगळवार पेठेत. चारचाकी कधी नव्हती. 2009 साली घ्यायची ठरवून पैसे बाजूला काढलेही होते. तेव्हा यजमान म्हणाले, आधी एक वर्ष बघू, आपण जातो तरी किती. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत पेन्सिलनं लिहायला सुरुवात केली. 'रि' म्हणजे रिक्षा, 'के' म्हणजे केएमटी, आपली शहरातली बस, 'ए' म्हणजे एसटी नाहीतर रेल्वे, 'भा' म्हणजे ड्रायव्हरसह भाड्याची गाडी. पुढं आकडा. ती सवय अजून आहे. गेल्या वर्षीची बारा पानं आत्ता समोर घेऊन बसले आहे. रिक्षा 14,300, केएमटी 2,900, एसटी आणि रेल्वे 6,200, भाड्याची गाडी पाच वेळा मिळून 19,500. एकूण 42,900. दोन माणसांचं वर्षभराचं जाणं-येणं, त्यात साताऱ्याचं एक लग्न आणि पंढरपूरही आलं. महिन्याला साडेतीन हजारांच्या थोडं वर. हे मुद्दाम कंजूषपणा करून नाही. पाय दुखला की रिक्षा करते, पाऊस आला की करते.

तुमचा आकडा वेगळा येईल, तुमच्याकडं शाळा आहे, क्लास आहे. पण तो काढल्याशिवाय शोरूममध्ये परत जाऊ नका.

रात्रीचं भय खरं आहे, त्यावर मी तुमची खोटी समजूत घालणार नाही. 2017 च्या जुलैत रात्री दोनला यजमानांना मुतखड्याची कळ आली. बाहेर पाऊस कोसळत होता. कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर एकही रिक्षा नव्हती. ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन केला, तो उचलला नाही. ते जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेले आणि मी दारात छत्री घेऊन उभी. ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही. शेवटी समोरच्या घरातल्या मुलाला उठवलं, त्यानं गाडी काढली. त्या रात्री आमची गाडी असती तर वीस मिनिटं वाचली असती, हे मी मान्य करते. पण चालवणार कोण होतं? मला येत नाही, आणि ज्यांना आली असती ते जमिनीवर पडलेले होते.

ताई, तुम्हाला चारचाकी चालवता येते का, हे पत्रात कुठंच नाही. यजमान रात्रपाळीला असताना सासूबाईंना काही झालं तर काय, हा प्रश्न गाडी घेऊन सुटत नाही.

त्या रात्रीनंतर आमच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. सगळ्यात वर 108, म्हणजे रुग्णवाहिका. त्याखाली रात्रीच्या फोनला येतो असं कबूल केलेल्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर. मग समोरचं घर. रिक्षावाल्यांना रात्रीचं भाडं दिवसापेक्षा जास्त पडतं, ते न कुरकुरता द्यायचं. दिवाळीला दोघांच्याही घरी फराळ जातो. छातीत दुखणं, दम लागणं, पडून हाड मोडणं असलं काही असेल, तर दारात गाडी असली तरी 108 च बोलवा. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. त्यात स्ट्रेचर असतं, प्राणवायू असतो, उचलायला माणूस असतो. छातीत कळ येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवर कोंबून थरथरत्या हातानं गाडी चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सासूबाईंच्या गुडघ्यांविषयी एक सांगायचंच आहे. माझ्या आईला शेवटची सहा वर्षं मी ठिकठिकाणी नेलं, त्यामुळे हे हातानं शिकलेलं आहे. मोटारीची सीट खोल असते. बसताना मान वाकवायची, अंग तिरकं करायचं, आणि उठताना सगळा भार दुखऱ्या गुडघ्यावर. आई मोटारीतून उतरताना "अगं आई गं" म्हणायची, रिक्षातून उतरताना नाही. रिक्षाची सीट उंच, धरायला लोखंडी दांडी. मात्र रिक्षा फूटपाथच्या कडेला अगदी चिकटून घ्यायला सांगायचं, म्हणजे पायरी निम्मी होते. चढताना चांगला पाय आधी वर. उतरताना दुखरा पाय आधी खाली. आपण खाली उभं राहून त्यांचा हात ओढायचा नाही, आपला हात नुसता कठड्यासारखा घट्ट धरायचा आणि त्यांना त्यावर भार टाकू द्यायचा. आमच्या नेहमीच्या रिक्षावाल्याला हे इतकं पाठ झालं होतं की तो आधी इंजिन बंद करायचा आणि म्हणायचा, "आजी, सावकाश. मला कुटं जायचं न्हाई." त्या एका वाक्यानं आईचं अंग सैल पडायचं.

लग्नकार्याला, जोतिबाला, नरसोबावाडीला जायचं झालं तर एसटीनं जा. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे तुम्ही, मुलगी आणि सासूबाई तिघी अर्ध्यात. 75 पूर्ण झाली की सासूबाईंना मोफत, फक्त वयाचं ओळखपत्र पर्समध्ये असू दे. निपाणी-बेळगावकडे जाताना ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच धरतात, आणि ती महामंडळाची आहे, केएमटीची नाही. एवढं लक्षात ठेवलं की कंडक्टरशी वाद होत नाही. सगळ्यांना मिळून लांब जायचं असेल तेव्हा भाड्याची गाडी करा. ठरवताना चार गोष्टी आधी विचारायच्या : दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, टोल कुणाचा, ड्रायव्हरचा भत्ता किती आणि मुक्काम पडला तर काय. एकदा विचारलं की उतरताना तोंड कडू होत नाही.

नणंदेच्या गाडीचं मनापासून कौतुक करा. तिच्या घरात तिची गरज असेल. पावण्यारावळ्यांना उत्तर म्हणून मात्र गाडी घेऊ नका. ते विचारून जातात, हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो.

आणि हे करून बघा. बँकेत 12,450 चं आरडी खातं काढा. आठ महिने हप्ता समजून भरा. मुलीची फी, सणवार, सासूबाईंची औषधं, सगळं सांभाळून तो सहज गेला, तर पुढच्या वर्षी तुम्हाला झोप लागेल आणि निर्णयही तुमचा असेल. दुसऱ्याच महिन्यात ओढाताण झाली तर खातं बंद करा. पैसे तुमचेच आहेत. आणि मधल्या काळात, गाडी येवो न येवो, ड्रायव्हिंग तुम्ही शिका. तुम्ही, फक्त हे नव्हेत.

प्रश्न : माझं वय 29, नोकरी शाहूपुरीत. लग्न ठरलंय. राजारामपुरीत जुना, लहान वन बीएचके आणि पाचगावच्या पुढं नवा, मोठा टू बीएचके, दोन्ही जवळपास एकाच किमतीत मिळतायत. गाडी घ्यायची ऐपत सध्या नाही. होणारी बायको लहान घर चालेल म्हणते, घरचे मोठं घ्या म्हणतात.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होणाऱ्या बायकोचं ऐका. राजारामपुरीतून तुमचं ऑफिस चालत गाठता येतं आणि स्टेशनही. चुकून वस्तू राहिली तर परत जाऊन आणता येते. तिथं गाडी नसणं म्हणजे घरी लिफ्ट नसण्यासारखं आहे, जाणवतं पण चालतं. गावाबाहेरच्या घराला गाडी लागतेच. एक नाही, पुढं दोन. म्हणजे त्या मोठ्या फ्लॅटची खरी किंमत कागदावर लिहिलेली नाही.

तरीही मन ओढत असेल तर टोकन देण्याआधी एवढं करा. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या फ्लॅटजवळच्या बस स्टॉपवर जाऊन अर्धा तास उभे राहा. मग रात्री नऊला उभे राहा. मग रविवारी दुपारी. घड्याळ बघून किती बस, किती वडाप आल्या आणि त्यात जागा होती का, हे लिहून काढा. बिल्डर 'दहा मिनिटांवर' म्हणतो ते कुठल्या वाहनानं, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. होणाऱ्या बायकोलाही बरोबर न्या आणि रात्री नऊच्या वेळी तिला विचारा, इथून एकटी चालत घरी जाशील का. तिचा चेहराच उत्तर देईल.

प्रश्न : तुमच्या कोल्हापूरच्या गोष्टी वाचायला छान आहेत. आमच्या अकोल्यात मे महिन्यात दुपारी गाडीशिवाय बाहेर पडून दाखवा.
– एक वाचक, अकोला

उत्तर : बदलीवर मी अकोल्यात चार उन्हाळे काढले आहेत. बँकेच्या दारातून रस्ता ओलांडेपर्यंत चपलेतून चटका लागायचा. त्या उन्हात पायी फिरा, असं मी कुणालाही सांगणार नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना तर मुळीच नाही. तिथं मी सकाळी नऊच्या आत बाजार उरकायचे, बाकीचं संध्याकाळी सहानंतर. दुपारी काही निघालंच तर ऑटो, डोक्याला ओला दुपट्टा आणि बरोबर पाण्याची बाटली. मे महिन्याचं ऑटोचं भाडं मी एप्रिलच्या पगारातून वेगळं काढून ठेवायचे. तुमच्या घरात आजारी माणूस असेल, त्याला दुपारीच न्यावं लागत असेल आणि परवडत असेल, तर थंड हवेची गाडी घ्या आणि मनात काही ठेवू नका. पत्रात घरी कोण कोण आहे ते लिहिलेलं नाही. कळवलंत तर पुढच्या अंकात नीट उत्तर देईन.