‘या मॉडेलचं असंच असतं’

गाडी आणि गाऱ्हाणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नोव्हेंबर २०२२ मध्ये १६ लाख ४० हजारांना ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेतली. धायरी ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं. सव्वा वर्षातच पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरायला लागली. ३१ हजार किलोमीटरला वॉरंटीत क्लच बदलून दिला. गेल्या ऑगस्टमध्ये तीच थरथर पुन्हा सुरू झाली. सर्व्हिस सेंटरला दोनदा गेलो. ॲडव्हायझर म्हणाला, “सर, या मॉडेलचं असंच असतं. नवं सॉफ्टवेअर येतंय, दिवाळीनंतर या.” गेलो, तोवर तीन वर्षांची वॉरंटी संपून आठवडा झाला होता. जानेवारीत वारज्याकडून चांदणी चौकाच्या चढावर गाडीची ओढच गेली. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा, मागे ट्रकचा हॉर्न, शेजारी आई. आता हातात १ लाख ३८ हजारांचं एस्टिमेट आहे, आणि ‘गुडविल’ म्हणून पार्टच्या किमतीतले ३० टक्के कंपनी सोसणार म्हणते. दोष त्यांना माहीत, भुर्दंड मला. गाडी परत देऊन पैसे मिळतील का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मी ‘दोनदा गेलो’ या शब्दांपाशी थांबले. दोनदा गेलात, पण जॉबकार्ड, म्हणजे तुमची तक्रार लिहून घेतात तो वर्कशॉपचा कागद? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुतेक फाडलंच नसणार.

मी अकरा वर्षं एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये वॉरंटी क्लेम भरायला बसत होते. कोणाच्या, ते जाऊ द्या. ग्राहक काउंटरवर जीव तोडून जे सांगतो ते कंपनीपर्यंत पोचत नाही. पोचतं ते कार्डावरचं. ‘गाडी जर्क मारते, चेक करणे’ एवढं आम्ही लिहायचो. मग ड्रायव्हर एकटाच, थंड गाडी घेऊन वर्कशॉपमागच्या मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून यायचा. थरथर येणार कुठून? ‘दोष आढळला नाही, ग्राहक समाधानी’ अशी नोंद मी स्वतः शेकडो कार्डांवर केली आहे. त्यातला समाधानी ग्राहक तेव्हा बाहेरच्या सोफ्यावर मशीनची कॉफी हातात धरून चरफडत बसलेला असायचा.

कार्ड न फाडण्यामागेही हिशेब असतो. एकाच तक्रारीचं दुसरं कार्ड झालं की आमच्याकडे ते ‘रिपीट जॉब’ म्हणून चढायचं आणि झोनल ऑफिसातून फोन यायचा. त्यापेक्षा गोड बोलून ग्राहकाला दारातूनच परत पाठवलेलं बरं. ‘दिवाळीनंतर या’ हे त्यातलंच. त्या पोराला तुमची वॉरंटी कधी संपते हे स्क्रीनवर दिसत होतं.

आता दोषाकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या एस्टिमेटवरून गाडीत ड्राय डबल क्लच गिअरबॉक्स आहे. एक क्लच १, ३, ५ या गिअरांचा, दुसरा २, ४, ६ चा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार, म्हणून मोकळ्या हायवेवर गाडी लोण्यासारखी पळते. पण ड्राय म्हणजे हे क्लच तेलात बुडालेले नाहीत, उष्णता हवेतच सोडतात. रांगत्या गाडीत क्लच धड पकडतही नाही, धड सोडतही नाही, नुसता घासत राहतो. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, भुमकर चौक. सकाळी नऊला या रस्त्यावर तो किती वेळ घासत असेल ते तुम्हीच रोज मोजता. अस्तर तापून गुळगुळीत झालं की पकड हुकते आणि थरथर सुरू होते. नवा क्लच बसवला तरी रस्ता तोच आणि रचना तीच. म्हणूनच ३१ हजारांना निघालेलं दुखणं पुन्हा निघालं.

ते तुम्हाला दोन गोष्टी ऐकवतील. क्लच झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही, ही पहिली. मग पहिला क्लच वॉरंटीत कसा बदलला, हे लेखी विचारा. दुसरी, ‘ड्रायव्हिंग स्टाइल’. ज्या क्लचचं पेडल तुमच्या पायाखाली दिलेलंच नाही, त्यावर पाय ठेवून तुम्ही तो जाळणार कसा? मात्र एक खरं आहे. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर हा क्लच लवकर तापतो. तशी सवय असेल तर आजच सोडा, उद्या तुमच्याविरुद्ध पहिला प्रश्न तोच येईल.

कंपनीला माहीत असतं का? अशा वारंवार येणाऱ्या दुखण्यांवर कंपनी वर्कशॉपला टेक्निकल बुलेटिन पाठवते: अशी तक्रार आली तर आधी हे सॉफ्टवेअर टाका, मग हा भाग बदला. माझ्या टेबलावर त्याची फाइल होती. ग्राहकाला दाखवायची नाही, असा तोंडी हुकूम होता. माहीत असणं आणि मान्य करणं यात किती अंतर असतं, याचा जाहीर दाखला हवा तर २०१३ चा चीनमधला घ्या. तिथल्या सरकारी वाहिनीने १५ मार्चला, जागतिक ग्राहक दिनी, फोक्सवॅगनच्या अशाच जातीच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी दाखवल्या. आठवडाभरात ३ लाख ८४ हजार गाड्यांचा रिकॉल, म्हणजे दोष काढायला गाड्या परत बोलावणं, जाहीर झाला. (तुमची गाडी त्या कंपनीची नाही. नाव मला कळलं आहे, छापत नाही.)

तेव्हा आता कागद उकरायला बसा. ऑगस्टमधल्या दोन फेऱ्यांचे अपॉइंटमेंटचे मेसेज, ॲडव्हायझरशी झालेलं व्हॉट्सॲप, कॉल सेंटरचा तक्रार क्रमांक, जे मिळेल ते. वॉरंटीत असतानाच तक्रार केली होती, एवढं त्यातून दिसलं तरी निम्मी लढाई सोपी होते. मग डीलर आणि कंपनी दोघांना एकच ईमेल करा : चासी नंबरवर असलेली संपूर्ण सर्व्हिस हिस्टरी आणि गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचा स्कॅन रिपोर्ट द्या. रिपोर्ट मिळेपर्यंत त्या युनिटमधले बिघाडाचे कोड पुसू देऊ नका. बिघाड किती किलोमीटरला नोंदला गेला हे अनेक गाड्यांत त्यात निघतं.

पुढच्या जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जर्क’ हा शब्द नको. ‘चढावर चालत्या रहदारीत गाडीची ओढ गेली, मागून धडक बसण्याचा धोका’ असं लिहा. जर्क म्हणजे गैरसोय, ओढ जाणं म्हणजे सुरक्षिततेचा प्रश्न. आमच्याकडे दोन्हींचे ढीग वेगळे असायचे. आणि टेस्ट ड्राइव्हला त्यांच्या इंजिनिअरला शेजारी बसवून सकाळी नऊला बायपासवरच न्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या गॅरेजात क्लच उघडू नका. चालवणं अशक्यच झालं आणि बदलावाच लागला, तर काढलेला जुना संच मागून घ्या, फोटो काढा, खोक्यात सील करून ठेवा. तो भंगारात गेला की तुमचा मुख्य साक्षीदार गेला.

गुडविलबद्दल सांगते. ३० हा आकडा पंचांगात लिहिलेला नसतो. आमच्याकडे तो एरिया मॅनेजरच्या हातात असायचा, आणि सगळी सर्व्हिस कंपनीकडेच झाली असेल तर बराच वर जायचा. देऊ केलेली रक्कम ईमेलवर मागा. सोबतच्या कागदावर ‘यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ छापाचं वाक्य असेल तर सही करू नका, किंवा ‘हक्क राखून’ लिहून करा.

आता तुमचा खरा प्रश्न, पैसे परत. आपल्याकडे अमेरिकेसारखा ‘लेमन लॉ’ नाही, की अमुक वेळा दुरुस्ती फसली की गाडी परत घ्यावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात म्हटलं, की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. तुमच्यासमोर त्यांचा वकील हाच निकाल ठेवेल. उलट २०२२ मध्ये ह्युंदाईच्या क्रेटाच्या प्रकरणात, समोरून धडक बसूनही एअरबॅग उघडल्या नव्हत्या, तेव्हा गाडी बदलून देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने कायम ठेवला. धडकेचा वेग आणि बलाचं गणित ग्राहकाने मांडावं अशी अपेक्षा नाही, असंही सांगितलं. तुम्ही या दोन टोकांच्या मध्ये आहात. म्हणून मागण्या पायरीपायरीने करा. गाडीची किंमत व्याजासह परत. ते नाही तर संपूर्ण गिअरबॉक्स कंपनीच्या खर्चाने आणि त्यावर नवी वॉरंटी. शिवाय खर्च आणि मनस्ताप. माझ्या अंदाजाने दुसरी पायरी तुमच्या आवाक्यात आहे. पहिलीवर घर बांधू नका.

तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोग आणि तुमच्या किमतीला फी ४०० रुपये. डेक्कनवर दोघांनी डोसा-कॉफी घेतली तर तेवढेच होतात. वकील सक्तीचा नाही. डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. गाडीची तज्ज्ञांकडून तपासणी आणि ते बुलेटिन, दोन्हींसाठी आयोगाकडे अर्ज द्या. कागद हजर करायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे. मुदत दोन वर्षं. पहिला क्लच कधी बदलला ती तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती बघा आणि त्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा, म्हणजे मुदतीवरून वादच नको. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात मनाची तयारी वर्षांची ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा. कंपन्या कधीकधी तेवढ्यानेही हलतात.

आणखी एक. १ एप्रिल २०२१ पासून केंद्राचे रिकॉलचे नियम आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीतला सुरक्षिततेचा दोष मालकाने ‘वाहन’ पोर्टलवर नोंदवायचा. विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात पुरेशा तक्रारी जमल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. तुमच्यासारखे दहा मालक पार्किंगमध्ये शिव्या देतात, नोंद एकही करत नाही.

प्रश्न : कासारवाडीत सेकंडहँड गाडी घेतली, २०१२ ची. जुन्या मालकाने एअरबॅगच्या रिकॉलचं पत्र पाठवलंय. गाडी तर मस्त चालते. जायलाच हवं का?

उत्तर : याच आठवड्यात जा. एअरबॅगमधला असा दोष चालवताना कळायचा मार्गच नसतो. उदाहरण घ्या : जपानच्या ताकाता या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागून ते बिघडतं आणि धडकेच्या वेळी पिशवी फुगवणारं धातूचं भांडंच फुटून तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. जगभरात माणसं गेली, ताकाता २०१७ मध्ये दिवाळखोरीत निघाली. रिकॉलचं काम मोफत असतं, मालक कितवाही असो. आणि चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, कदाचित आणखी एखादा रिकॉल राहिला असेल. पत्रं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातात. तुमचा जुना मालक सज्जन निघाला.

प्रश्न : सहा महिन्यांत गाडी नऊ वेळा वर्कशॉपला. मित्रमंडळाचं म्हणणं, गाडीला गाढवं जुंपून, ढोल-ताशासकट शोरूमपर्यंत मिरवणूक काढू. काढू का?
— सहकारनगरचा एक त्रस्त

उत्तर : अकरा वर्षांत आमच्या दारी अशी एक मिरवणूक आली होती. मॅनेजर मागच्या दाराने गेला, आणि गाडी दोन दिवसांत दुरुस्त झाली हे नाकारत नाही. पण त्या गृहस्थांकडे नऊच्या नऊ जॉबकार्डं होती, ती त्यांनी बॉनेटवर चिकटवली होती. घाम फुटला तो त्यांना बघून. फलकावर फक्त तारखा आणि किलोमीटर लिहा, ‘चोर’, ‘लुटारू’ नको. तो शब्द पकडून ते तुमच्यावरच उलटतील. पोलिसांची परवानगी काढा. उन्हाचं गाढवांना पाणी पाजा. आणि गाढववाल्याकडून भाड्याची पावती घ्या, आयोगापुढे खर्चात दाखवता येईल.