थ्री फेज आली की गेम बंद पडतो

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर दुरुस्ती

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आमचं घर पलूस तालुक्यात, गावाबाहेर मळ्यात आहे. ऊसबिल आल्यावर वडिलांनी मला गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन दिला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० कार्ड, १६ जीबी रॅम आणि कॅबिनेटबरोबर आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा). ६०० व्हीएचा यूपीएस आहे, मॉनिटरही त्याच्यावरच. व्हॅलोरंट कितीही वेळ चालतो. सायबरपंक लावला की कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने स्क्रीन काळी होते, आवाज तुटतो आणि कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतो. निळी स्क्रीन येत नाही. माझ्या कानाला हेडफोन असतो, पण आई म्हणते की त्याच वेळी यूपीएसमधून ‘टक’ असा आवाज येतो. रात्रीची थ्री फेज (शेतातल्या मोटारींची लाइट) असते त्या आठवड्यात फारच त्रास होतो. विंडोज दोनदा टाकून झाली. दुकानदार म्हणतात ग्राफिक कार्ड गेलंय, नवीन घ्या. वडिलांकडे परत पैसे मागवत नाहीत. काय करू?

— एक वाचक, ता. पलूस, जि. सांगली

उत्तर : कार्ड घेऊ नकोस. आधी तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टींकडे बघ, आईने ऐकलेली टक आणि रात्रीच्या थ्री फेजचा आठवडा. कार्ड खराब असतं तर ते दिवसपाळी-रात्रपाळी बघून बंद पडलं नसतं.

मळ्यातल्या वस्तीची लाइट आणि विहिरीवरच्या मोटारी बऱ्याच ठिकाणी एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) असतात. थ्री फेज आली की ज्यांनी स्टार्टरला ऑटो लावलाय त्यांच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. थेट लाइनवर सुरू होणारी मोटार पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीपासून लांबच्या घरात तेवढ्या वेळात व्होल्टेज धाडकन खाली येतं. पुढेही मोटारी चालू असेपर्यंत ते कमीच राहतं. दिवसपाळीच्या आठवड्यात हे सगळं तू कॉलेजात असताना होतं आणि रात्रपाळीला नेमकं तू गेम खेळत असताना.

आता ती टक. व्होल्टेज कमी झालं की यूपीएसमधला रिले, म्हणजे आपोआप फिरणारा स्विच, फिरतो. व्होल्टेज थोडं कमी असेल तर यूपीएस ते वाढवून देतो, जास्तच कमी असेल तर बॅटरीवर जातो. रिले फिरताना काही मिलिसेकंद कॉम्प्युटरला वीज मिळत नाही. एवढा खंड एसएमपीएसने आपल्या आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमधल्या साठ्यावर भरून काढायचा असतो. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसमध्ये कंपनी पैसे वाचवते ती नेमकी या कॅपॅसिटरवर. साठा संपला की मदरबोर्डकडे जाणारा ‘पॉवर गुड’चा, म्हणजे वीज ठीक असल्याचा, सिग्नल पडतो आणि बोर्ड प्रोसेसरला तिथेच रीसेट करतो. निळी स्क्रीन दाखवायलासुद्धा विंडोजला वेळ मिळत नाही.

व्हॅलोरंट का चालतो तेही यातच आलं. तो गेम कार्डावर फार भार टाकत नाही, त्यामुळे तोच साठा जास्त वेळ पुरतो आणि तीच टक कॉम्प्युटर निभावून नेतो. सायबरपंकमध्ये कार्ड पूर्ण ताकदीने चालतं. ३०६० ला १७० वॅट लागतात, वर मधूनच काही मिलिसेकंदांचे त्याहून मोठे झटके असतात. प्रोसेसरचे सत्तर-ऐंशी, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून चाळीस-पन्नास. हे झाले तीनशेच्या आसपास. एसएमपीएस स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणजे प्लगमधून साडेतीनशे जाणार. मॉनिटरचे पंचवीस-तीस वेगळे. तुझा यूपीएस ६०० व्हीएचा आहे, पण त्याच्या मागचं लेबल वाच. या आकाराच्या यूपीएसवर बहुतेक वेळा ३६० वॅट लिहिलेलं असतं. तू त्याच्या मर्यादेवर किंवा मर्यादेच्या बाहेर खेळतोयस. यूपीएस घेताना व्हीएचा आकडा सगळे सांगतात, वॅटचा कोणी सांगत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या गेमिंग मशिनांत ही गोष्ट मला सारखी दिसते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण तोवर त्या घराने कार्ड नाहीतर बोर्ड बदललेला असतो.

माझ्यावर विश्वास ठेवून खरेदीला जाऊ नकोस. तपासून बघ, खर्च नाही.

पहिलं, रिस्टार्टचं खरं रूप बघ. विंडोजच्या सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथली ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढ. विंडोज स्वतः कोसळत असेल तर आता निळी स्क्रीन थांबून राहील आणि त्यावरचा कोड लिहून घेता येईल. तरीही काळं होऊन थेट रिस्टार्ट झाला, तर विंडोजच्या हातात काही नव्हतं असं समज. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमच्या नोंदी बघ. तिथे ‘कर्नेल-पॉवर ४१’ सापडेल. ती नोंद बघून लोक घाबरतात, पण मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नाही एवढंच ती सांगते, कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ असतो. तो शून्य असेल तर निळी स्क्रीन नोंदली गेली नाही, आणि संशय विजेकडे जातो. आजूबाजूला ‘व्हिया-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसल्या तर मात्र प्रोसेसर, बोर्ड आणि रॅमकडे बघावं लागेल.

दुसरं, आमच्याकडचा जुना उपाय. तारेचा जुना झिरो बल्ब मिळव, एलईडीचा नको, आणि यूपीएस ज्या बोर्डात लावलाय त्याच बोर्डात होल्डर लावून मॉनिटरशेजारी ठेव. एलईडी बल्ब बारीक चढउतार लपवतो, तारेचा बल्ब लगेच मिणमिणतो. गेम चालू ठेव, हेडफोन काढ आणि बल्बावर लक्ष ठेव. बल्ब मंद झाला, टक झाली आणि स्क्रीन गेली, असं एकामागोमाग झालं तर आणखी पुरावा नको.

तिसरं, गेमचा तोच भाग तशाच सेटिंगवर सकाळी, मोटारी बंद असताना, यूपीएस आणि इन्व्हर्टर दोन्ही बाजूला ठेवून भिंतीतल्या पॉवर प्लगवर खेळून बघ. त्यानंतर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट सत्तर टक्क्यांवर आण, फ्रेम सेकंदाला साठवर बांध आणि रात्री यूपीएसवर खेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत वेळेसकट लिहायची. भार कमी केल्यावर रिस्टार्ट थांबला तर दोष वीजपुरवठ्याच्या बाजूचा. मात्र भार कमी झाला की तापमानही उतरतं, म्हणून एचडब्ल्यू-इन्फो या सॉफ्टवेअरवर तापमानाची नोंद चालू ठेव. बंद पडायच्या क्षणी कार्ड सत्तर-पंचाहत्तर अंशांना असेल तर कार्डाच्या उष्णतेचा प्रश्न नाही.

रॅमचंही एकदा बघून घे. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवायची सोय, बंद करून एक दिवस खेळ, आणि रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लाव. एक जरी एरर आली तरी पहिला संशय रॅमवर घे.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्यामागे यूपीएस लावू नकोस. स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ओबडधोबड वीज देणारा, इन्व्हर्टर आणि हल्लीचे अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज एकसारखी ओढायची रचना) असलेले एसएमपीएस यांचं बरेचदा पटत नाही. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू कर, त्याने बदल लवकर होतो.

एक काम वायरमनकडून करून घे, स्वतः करू नकोस. मोटारी चालू असताना फेज-न्यूट्रलमधलं आणि न्यूट्रल-अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजायला सांग. घरगुती पुरवठा २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ या मर्यादेत असायला हवा. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रलचा जोड सैल असू शकतो. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात माती भेगाळली की अर्थिंग सुटतं, तिथे पाणी घालत राहावं लागतं. व्होल्टेज रोजच मर्यादेखाली जात असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. शेजारच्या दोन-तीन वस्त्यांनी मिळून केली तर जास्त चांगलं.

तपासणीत विजेचाच दोष निघाला तर पैसे एसएमपीएसवर खर्च कर. आताच्या एसएमपीएसच्या स्टिकरवर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि बाराने गुण. १८ अँपिअर असतील तर २१६ वॅटच झाले, वर ४५० लिहिलेलं असलं तरी. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच बारा व्होल्टवर जगतात. ३०६० साठी एनव्हिडियाच ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ५५० किंवा ६५० चा, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा घे. एटी प्लसचा शिक्का म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, तो दणकटपणाची हमी देत नाही. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) घेतलास तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी त्याला जोडू नकोस. एसएमपीएसच्या बाजूच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या असतात, चुकीची वायर बसली तर एसएसडी आणि बोर्ड जळतो. यूपीएस पुढच्या बिलात घेतला तरी चालेल, पण तो ६०० वॅटच्या वरचा बघ.

दुकानदारांना कार्डाचाच संशय असेल तर कार्ड त्यांच्या दुसऱ्या मशिनवर, चांगल्या एसएमपीएसवर, तुझ्यासमोर तासभर चालवून दाखवायला सांग. देण्याआधी कार्डावरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढ आणि तो नंबर पावतीवर लिहून घे. वॉरंटी त्या नंबरावरच मिळते. आणि वडिलांना ही वही दाखव. मुलगा पैसे मागायच्या आधी तपासून बघतो हे त्यांना कळू दे.

प्रश्न : आमचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे, घर गाळ्याच्या वरच. मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर अर्ध्या तासाने बंद पडतो आणि लगेच सुरू केला तर पाच मिनिटांत परत बंद. थंड झाल्यावर चालतो. आधी पंख्याचा आवाज फार वाढतो.

— एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या कॉम्प्युटरला हवा मिळत नाही. वरच्या पत्रातला कॉम्प्युटर कधीही रिस्टार्ट होत होता, तुमचा तापल्यावर बंद होतोय. प्रोसेसर फार तापला की आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर स्वतःला वाचवायला बंद होतो.

यार्डाच्या आसपासची मशिन उघडली की मला आत काय दिसतं ते सांगते. प्रोसेसरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांची रांग असते. त्या पात्यांमध्ये हळदीची पूड, धूळ आणि स्वयंपाकघरातली तेलकट वाफ एकत्र बसून पिवळट नमद्यासारखा थर होतो. वरून पंखा जोरात फिरतो, खाली हवेला वाटच नसते. हा थर नुसत्या फुंकरीने निघत नाही. पंखा सोडवून वेगळा काढायचा आणि मऊ ब्रशने पाती मोकळी करायची. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून खराब होतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीतून स्टॅटिक (घर्षणाने साठलेली वीज) येतो. कूलर, म्हणजे पंखा बसतो ती पात्यांची रांग, काढलाच तर त्याखालची जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. एसएमपीएस मात्र उघडू देऊ नका, प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असतं. तो बाहेरून ब्लोअरने साफ करा.

नंतर कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा आणि समोरच्या जाळीला धुता येणारा फिल्टर लावा. हळदीच्या हंगामात तो दर आठवड्याला धुवा.

प्रश्न : आय९ १४९००के घेतलाय. नवे गेम उघडताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ येऊन गेम बंद होतो, कधी पूर्ण रिस्टार्ट. कार्ड १६ जीबीचं आहे. मग मेमरी कशी संपते?

— एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : मेमरी संपलेली नाही. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्राम) उलगडायचं काम प्रोसेसर करतो, आणि तिथे त्याची चूक झाली की काही गेम हाच चुकीचा संदेश दाखवतात. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरना वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू बिघडत होते. हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि त्या ऑगस्टपासून दुरुस्तीचे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, दिले. ते मदरबोर्डच्या नव्या बायोसमधून येतात. बायोस अपडेट करा आणि त्यात ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. मात्र आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही. अपडेटनंतरही तोच संदेश आला तर वेळ घालवू नका. बॉक्समध्ये विकल्या गेलेल्या या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे, बिल आणि बॉक्सवरचा नंबर घेऊन बदलून मागा.

बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो. चार्ज झालेल्या यूपीएसवर, लाइट जायची शक्यता कमी अशा वेळी करा आणि पूर्ण होईपर्यंत बटणाला हात लावू नका.