विद्यापीठाचं नाव नको, आधी लॅब बघ

तुझा प्रश्न वाचला गो. भाट्याच्या खाडीतल्या कालवांवर पीएचडी झाली, आता युरोपातल्या एका विद्यापीठाच्या एकाच जाहिरातीत फिजिक्सपासून मरीन बायोलॉजीपर्यंत पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, बऱ्याच जागा दिसल्या, तर जवळच्या वाटतात तिथे सगळीकडे एकच अर्ज टाकू का, आणि घरचे म्हणतायत त्यापेक्षा इथेच कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे देतात त्या शिकवण्यावर, लाग.

एकच अर्ज सगळीकडे नको टाकू. जाहिरात विद्यापीठाची असली तरी प्रत्येक जागेमागे प्रोफेसर वेगळा, प्रोजेक्ट वेगळं, पैसे वेगळे, आणि निवड बहुतेक वेळा तो प्रोफेसरच करतो.

मी देवगडची. पहिल्या वर्षी ढीगभर मेल पाठवले, नाव बदलून तोच मजकूर, कोणाचंच उत्तर नाही. मग थंड समुद्रातल्या शिंपल्यांवर काम करणाऱ्या एका बाईंचा पेपर दोन दिवस बसून वाचला आणि लिहिलं, की आमच्या खाडीत जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की पाण्याचा खारटपणा झपकन उतरतो, कालवं शिंपा घट्ट मिटून बसतात, हा धक्का तुमच्या मॉडेलात कुठे धरलाय? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल. तुझ्याकडे ही खाडी आहे, तीच मेलच्या पहिल्या चार ओळीत येऊदे, सीव्ही नंतर.

हंगाम विषयाप्रमाणे बदलतो. खगोलशास्त्रात बरेच अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरात जातात आणि १५ फेब्रुवारीच्या आधी ऑफरला उत्तर मागायचं नाही असा संकेत आहे. आपल्या विषयात तसं नाही, प्रोजेक्टला पैसे आले की जागा निघते, वर्षभर कधीही. युरोपियन युनियनची मेरी क्युरी फेलोशिप मात्र साधारण सप्टेंबरात बंद होते, त्या तारखेपर्यंत व्हायवा (पीएचडीची तोंडी परीक्षा) झालेला हवा, पीएचडीनंतर संशोधनाची ८ वर्षांपेक्षा जास्त नकोत, आणि आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेली नकोस. प्रपोजल त्या प्रोफेसरबरोबर लिहायचं असतं म्हणून मार्च-एप्रिललाच बोलणं सुरू कर.

आणि हे अगदी कळकळीने सांगते, हो म्हणायच्या आधी त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना मेल कर. पेपर किती दिवसात बाहेर पडतात, पहिलं नाव कोणाचं लागतं, आता ते कुठे आहेत, सगळं विचार. माझ्या दुसऱ्या पोस्टडॉकच्या वेळी मी हे विचारलं नव्हतं, तयार पेपर दीड वर्ष साहेबांच्या टेबलावर पडून राहिला आणि तोवर कॉन्ट्रॅक्ट संपलं. पैसे पगार म्हणून आहेत की स्टायपेंड, तेही लेखी घे. जर्मनीत नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर सहसा टीव्हीएल ई-१३ ही तिथली सरकारी पगाराची ग्रेड लागते, विमा-पेन्शन त्यातच, स्टायपेंडला बऱ्याचदा विमा आपला आपण बघावा लागतो.

घरच्यांना सांग की मधला रस्ताही आहे. केंद्राच्या प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट म्हणून लागलीस तर २०२३ च्या दरांप्रमाणे सुरुवात ५८,००० आणि वर घरभाडं, गोव्यात दोनापावल्याच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेच्या जागांवरही लक्ष ठेव. सीएचबीत तास घेऊन पेपर लिहायला वेळ उरत नाही, मैत्रिणींचं बघितलंय.

मेलच्या पहिल्या चार ओळी लिहिल्यास की इथेच टाक, मी आणि बाकीचे बघून सांगतो.